ओहोटीला घेतलेली दहा मापं

पुतळाबाईनं पहिला माणूस मोडला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मोडला हाच शब्द बरोबर आहे. जोगेश्वरीच्या मासळी बाजारात एक दादा रोज सकाळी यायचा आणि प्रत्येक कोळणीच्या पाटीतून हवा तो मासा उचलून न्यायचा. त्या दिवशी त्यानं पुतळाबाईच्या पाटीतली पापलेटची जोडी उचलली आणि वर तिच्या हनुवटीला बोट लावलं. तिनं हातातला कोयता उलटा केला आणि जाड पाठीनं त्याच्या मनगटावर असा हाणला, की हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या भाजीवाल्यालाही ऐकू गेला. "सरळ बाजूनं मारला असता तर हात पाटीत पडला असता," असं ती पुढं जन्मभर सांगत आली, "मंग मासली कोन घेनार?"

तिच्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर मारामाऱ्यांवरूनच सांगावी लागते, त्याला इलाज नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानं, रामनाथनं, पिऊन येऊन तिच्यावर हात उचलला. तिनं त्याला ढकलला, तो पायरीवर आपटला आणि पुढचा एक दात गेला. त्यानंतर तीस वर्षं दोघांचा संसार झकास चालला. त्या दाताच्या खिंडीतून रामनाथला झ्याक शीळ घालता यायची. होडी खाडीत शिरली की तो शीळ घालायचा, आणि ती ऐकून पुतळाबाई पाटी घेऊन धक्क्यावर निघायची. आठ वर्षांपूर्वी तो तापानं गेला. मागं एक होडी, एक मुलगा आणि एक लांब बांबू ठेवून गेला.

मुलगा म्हणजे कृणाल. त्याच्याही वाट्याला आईचा हात भरपूर आला. शाळा बुडवली म्हणून, खोटं बोलला म्हणून, एकदा तर नुसताच समोर आला म्हणून. एवढा मार खाऊन पोर आडदांड व्हायचं, तर हा मऊ निघाला. कुणी शिवी दिली तरी हसून बाजूला व्हायचा. मार पडला की तो पळायचा सुगंधाआत्याकडं. सुगंधा म्हणजे रामनाथची विधवा बहीण. खुंटवाडी कोळीवाड्याच्या टोकाला, नाल्याकाठच्या चाळीत तिची खोली होती. ती कृणालच्या वळांना खोबरेल लावायची आणि भावजयीला म्हणायची, "पुतले, एक दिवस तुजा हात तुलाच नडेल गं."

गेल्या जुलैत ती सुगंधा मेली.

उधाणाची भरती होती आणि वरून पाऊस. अशा वेळी नाल्याचं पाणी समुद्र आत घेत नाही, ते नाल्यातच थांबतं, आणि नाला गाळानं भरलेला असला की ते लोकांच्या घरात घुसतं. पहाटे अर्ध्या तासात चाळीत छातीभर काळं पाणी चढलं. सुगंधाच्या खोलीतलं लोखंडी कपाट तरंगलं आणि दारावर आडवं पडलं. पुतळाबाईनं कुऱ्हाडीनं दार फोडलं तेव्हा सुगंधा आत कडीला धरूनच होती. कडीवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली. नखांत दाराचा निळा रंग होता.

त्याच नाल्याची सफाई महिन्याभरापूर्वी पूर्ण झाल्याचं पालिकेच्या कागदावर होतं. काम नीरवाहिनी सर्व्हिसेस नावाच्या कंपनीला दिलेलं होतं. पूर्वी पालिकेचे कामगार नाल्यात उतरायचे, मुकादम काठावर उभा राहून शिव्या द्यायचा. आता सगळं कंपनीकडं. कंपनीनं गाळ काढायचा, कंपनीनंच फोटो काढायचे, आणि फोटो बघून पालिकेनं बिल काढायचं. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथं तर शेताचा पंचनामाही कुंपणच करत होतं.

पुतळाबाईनं तेव्हा कुणाला मारलं नाही. मारायला समोर कोणी नव्हतंच. कंपनीचं ऑफिस काचेचं होतं आणि पालिकेच्या ऑफिसात साहेब साइटवर गेले होते. मग जानेवारीत निवडणूक लागली, वॉर्ड बाईमाणसासाठी राखीव झाला, आणि बाजारातल्या कोळणींनी तिला धरून अर्ज भरायला लावला. चौथी शिकलेली, अठ्ठावन्न वर्षांची बाई. प्रचारात ती एकच वाक्य बोलायची, "नाला साफ केला नाय तर मी एकेकाला साफ करीन." निवडून आली.

प्रभाग समितीत तिला अर्थसंकल्पाचं पुस्तक मिळालं. ते तिनं घरी नेऊन काट्यावर ठेवलं आणि पावणेदोन किलो भरलं म्हणून सगळ्यांना सांगितलं. इतर नगरसेवक हसले. हसू दे. ती रोज दुपारी बाजारातून आली की ओल्या हातांनी पानं उलटायची, बोट ठेवून एकेक ओळ वाचायची. तिला त्यातलं नव्वद टक्के कळलं नाही. 'बाह्य संस्थेमार्फत' हे दोन शब्द मात्र तिनं ओळखून ठेवले. जिथं जिथं ते दिसले तिथं तिनं पानाचा कोपरा दुमडला. महिन्याभरात पुस्तक फुगून तिप्पट झालं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नालेसफाईचं बिल समितीपुढं आलं. पडद्यावर फोटो लागले. आधीचा फोटो, नाल्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवर पाणी फक्त दोन फूट. सफाईनंतरचा फोटो, त्याच मोजपट्टीवर पाणी नऊ फूट. नाला सात फूट खोल झाला, असं कंपनीचा माणूस निलेश गोड आवाजात म्हणाला. हा निलेश पस्तिशीचा, शर्ट कडक इस्त्रीचा, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा. मंजुरीला हात वर व्हायला लागले. पुतळाबाई पडद्याजवळ गेली आणि फोटोच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ तिनं वाचली. सोळा मे, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

"यो फोटो आवशीचा हाय," ती म्हणाली.

"म्हणजे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"सोला तारकंला वैशाखातली आवस होती. आवशीला दुपारी बाराला उधानाची भरती लागते. हा नाला खाडीला मिलतो. यो नाला खोल झाला नाय, समुद्र आत आलाय. ह्यांनी समुद्राचा फोटो काढलाय आनि बिल नाल्याचा लावलाय."

कोळ्याच्या घरात तिथीवरून भरतीची वेळ शेंबडं पोरही सांगतं. कंपनीनं एमबीए झालेली माणसं ठेवली होती, पण त्यातल्या एकालाही अमावास्या कधी होती ते बघावंसं वाटलं नव्हतं. पहिला फोटो ओहोटीचा आणि दुसरा भरतीचा, एवढाच काय तो त्यांच्या सफाईचा पराक्रम.

वॉर्डातले अभियंते श्यामकांत हे तसे पापभीरू गृहस्थ. पार्ल्याला घर, निवृत्तीला दीड वर्ष, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. पण त्या दिवशी त्यांना काय झालं कोण जाणे, त्यांनी उभं राहून नियम वाचून दाखवला. सदस्याची हरकत असेल तर प्रत्यक्ष जागेवर पाहणी घेता येते. दहा ठिकाणी गाळ मोजायचा, माप वहीत लिहायचं, अभियंत्याची सही झाली की तेच माप खरं. पाहणीत गोंधळ झाला किंवा ती अर्धवट राहिली, तर मात्र ती रद्द आणि आधीचे फोटो ग्राह्य. पुतळाबाईनं दिवस निवडला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराची ओहोटी. एवढं पाणी त्यानंतर उतरणार ते थेट पंधरा दिवसांनी, आणि तोवर पावसाला सुरुवात झालेली असणार. म्हणजे हा एकच दिवस.

रविवारी सकाळी निलेश बाजारात आला. तिच्या मासळी कापायच्या ओंडक्यासमोर उभा राहून त्यानं सुरमईचा भाव विचारला.

"मावशी, टेन्शन कशाला घेता ना? पुढच्या वर्षी चाळीला भिंत बांधून देतो आपण. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"चालीस वरसं माशांशी वैर करूनच पोट भरलंय मी," ती म्हणाली आणि सुरमईचं डोकं एका घावात वेगळं केलं.

निलेश हसला. "कृणाल आपल्याच कंपनीच्या डंपरवर ड्रायव्हर आहे ना? चांगला पोरगा आहे. शांत आहे. तुमच्यासारखा नाही."

त्या वाक्यामुळं सोमवारी सकाळी तिनं कृणालला कामावर जाऊ नको म्हटलं. तो म्हणाला, "आई, डंपर सोडला तर नोकरी जाईल. मना कोन काय करनार? मी कोनाच्या वाटेला जातच नाय." आणि तो गेला.

सोमवारी सहाला सगळे नाल्यावर जमले. समितीचे अध्यक्ष गाडीतच बसले, काच वर करून. श्यामकांत वही घेऊन काठावर. चाळीतल्या बाया गॅलरीत. पुतळाबाई लुगडं खोचून रामनाथचा बांबू घेऊन खाली उतरली. त्या बांबूवर एकेका हाताच्या अंतरावर रामनाथनं कोयत्यानं खाचा पाडलेल्या होत्या. समुद्रात डोल जाळ्याचे खुंट ठोकायचे तर आधी तळ बघावा लागतो. बांबू अलगद ठेवला की तो गाळावर टेकतो. मग अंगाचा भार देऊन रेटला की गाळ कापत खालच्या कठीण जमिनीवर जाऊन थांबतो. दोन खाचांमधलं अंतर म्हणजे गाळ.

"एक!" ती ओरडली. "गाल तीन हात!"

श्यामकांतांनी लिहिलं. त्याच वेळी नाल्यावरच्या पुलाजवळ कंपनीचा डंपर येऊन थांबला. चार जणांनी कृणालला केबिनमधून ओढून खाली टाकला.

"डिझेल चोरतो साला!" एक जण ओरडला. हे नुसतं निमित्त होतं, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलं गेलं. पहिली लाथ कृणालच्या पोटात बसली. तो दुमडला. दुसरी तोंडावर.

पुतळाबाईनं बांबू उपसला आणि काठाकडं दोन पावलं टाकली. तिच्या जागी कोणीही टाकली असती. तिनं तर आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं. आणि तेवढ्यात तिला मोबाइल दिसले. निलेश आणि त्याच्या बाजूची दोन माणसं मोबाइल धरून उभी होती. मोबाइल मारणाऱ्यांकडं नव्हते. मार खाणाऱ्याकडंही नव्हते. तिन्ही तिच्यावर रोखलेले होते.

मग तिला सगळं समजलं. ह्यांना कृणालशी काही देणंघेणं नव्हतं. ह्यांना तिचा हात हवा होता. ती वर आली, एक काठी मारली, की पाहणीत गोंधळ, पाहणी रद्द, समुद्राचा फोटो खरा. तिच्या स्वभावाचं अंदाजपत्रक कंपनीनं बरोबर केलं होतं.

"पुतळाताई, थांबू या का?" श्यामकांतांनी वरून विचारलं. "अहो, तो तुमचा मुलगा..."

"लिवा," ती म्हणाली, मागं फिरली आणि गुडघाभर चिखलात पुढं गेली. "दोन! गाल साडेतीन हात!"

पुलावर काठी तुटल्याचा आवाज आला. ती कृणालच्या पाठीवर तुटली होती. तो ओरडला. लहानपणी तो असा ओरडायचा तेव्हा मारणारी ती असायची आणि धावत येणारी सुगंधा. आज धावत येणारं कोणी नव्हतं. चाळीतल्या बाया आरडाओरडा करत जिन्यावरून निघाल्या, पण कंपनीच्या माणसांनी खालचा लोखंडी दरवाजा बाहेरून अडवला होता. बाया दरवाजावर धडका देत होत्या. अध्यक्षांच्या गाडीची काच वरच होती.

तिसरं माप घेतलं. चौथ्याला बांबू गाळात रुतला, तो उपसताना तिच्या तळहाताची साल निघाली. रेटायचा, उपसायचा, ओरडायचा. प्रत्येक वेळी ती आकडा मोठ्यानं ओरडत होती, घसा फाटेस्तोवर. पुलावरचे आवाज कानात जाऊ नयेत म्हणून ओरडत होती, असं तिनं नंतर एकदा बाजारातल्या विमलाला सांगितलं. तरी ते जात होतेच. बुटाचा आवाज वेगळा, काठीचा वेगळा, आणि डोकं डंपरच्या पत्र्यावर आपटल्याचा वेगळा. ती तिकडं बघत नव्हती. बघितलं तर हात थांबणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

सातव्या जागेला ती कमरेपर्यंत आत गेली. पाणी थांबलं होतं, म्हणजे ओहोटी संपली होती, थोड्याच वेळात भरती फिरणार होती. आठ. नऊ, गाळ चार हात. कृणाल आता ओरडत नव्हता, त्याचा नुसता हुंकार ऐकू येत होता.

"धा!" तिनं शेवटचा बांबू रेटला. "गाल सवाचार हात! झाली! सायेब, सही करा!"

श्यामकांतांनी पेन कागदावर टेकवलं. ते उमटेना. त्यांनी ते झटकलं. पुन्हा टेकवलं. निलेशनं ते पाहिलं आणि पुलाकडं तोंड करून शीळ मारली. मारणाऱ्यांपैकी एकानं बाजूची लोखंडी पहार उचलली. पुतळाबाई काठाला लागली होती. तिथून पूल तीस पावलं. तिनं पहार वर गेलेली पाहिली.

"सही करा!" ती श्यामकांतांवर किंचाळली.

पहार खाली आली. श्यामकांतांनी डोळे मिटून सही केली, आणि मग डोळे उघडून खाली वेळ लिहिली, सहा बावन्न. त्या भित्र्या माणसानं आयुष्यात एवढं एकच धाडस केलं, पण पुरतं केलं. वही शर्टाच्या आत घातली, वर दोन्ही हात घट्ट बांधले.

"झाली?"

"झाली."

"पक्की?"

"पक्की, ताई."

पुतळाबाई काठावर चढली. निलेश मोबाइल धरूनच मागं सरकत होता. तिनं बांबू दोन्ही हातांनी धरला आणि पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर दिला. तो वाकला. दुसरा जबड्यावर. दोन दात आणि रक्त त्याच्या कडक शर्टावर आलं. तिसऱ्या फटक्याला रामनाथचा बांबू मधल्या खाचेवर मोडला. उरलेला अर्धा घेऊन ती पुलाकडं धावली. पहारवाल्याच्या बरगडीत तिनं ते टोक असं खुपसलं की तो तसाच बसला. तोवर दरवाजा तुटला होता आणि चाळीतल्या बाया हातात मिळेल ते घेऊन येत होत्या. त्या चौघांनी त्या संध्याकाळी जेवढा मार खाल्ला तेवढा त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दिला नसेल.

कृणाल डंपरच्या चाकाला टेकून पडला होता. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं लाल होतं.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. नगरसेविकेची गुंडगिरी म्हणून व्हिडिओ घरोघर फिरला. त्यात फक्त तिनं मारलेले फटके होते. तिच्यावर गुन्हा लागला, चार रात्री ती कोठडीत होती, आता जामिनावर आहे. तिचं पद रद्द करावं म्हणून अर्ज झालाय, तो चालेल तेवढा चालेल. मारणाऱ्यांपैकी तिघांना पकडलं, पहारवाला हॉस्पिटलातून पळाला, तो अजून फरार आहे. पण वहीतली सही सहा बावन्नची होती आणि व्हिडिओतला पहिला फटका सहा त्रेपन्नचा. कंपनीच्या वकिलांनी पुष्कळ कीस काढला, तो एक मिनिट काही त्यांना हलवता आला नाही. बिल अडलं. कंपनीचं काम थांबलं. पालिकेनं आपली माणसं आणि यंत्रं उतरवून पाऊस लागायच्या आत नाला तळापर्यंत उपसला.

या जुलैत पुन्हा उधाण आलं, वरून पाऊस आला. चाळीतल्या बाया पहाटे सामान माळ्यावर टाकून पाणी चढायची वाट बघत बसल्या. पाणी काठाच्या दोन हात खाली राहिलं आणि भरती उतरल्यावर निघून गेलं. सकाळी बायांनी येऊन पुतळाबाईच्या हातात नारळ दिले. तिनं ते कोपऱ्यात ठेवले आणि जेवण करायला घेतलं.

कृणाल हॉस्पिटलातून येऊन महिना झाला होता. डोळा गेलाच. या महिन्यात तो आईशी लागेल तेवढंच बोलला होता. औषध दे, दिवा घालव, एवढंच. तिनं ताट त्याच्या उजव्या बाजूला ठेवलं, कारण डाव्या बाजूचं त्याला आता दिसत नव्हतं. सुक्या बोंबलांचं कालवण होतं.

"मी तुजे आकडे ऐकत होतो," तो एकाएकी म्हणाला.

ती थांबली.

"म्हटलं, हा झाला की येईल. मंग म्हटलं, हा झाला की येईल. धावा आकडा ऐकला ना आई, तवा मना दोनी डोल्यांनी दिसत होता. तू काठावर होतीस. तू बघितलास पन माझ्याकडं." त्यानं ताट बाजूला सारलं. "आयुष्यभर येवढ्यातेवढ्याला हात उचललास. त्या दिवशी सही होईपर्यंत थांबलीस."

खोटं बोलता आलं असतं. दिसलं नाही, पाय रुतला होता, असं काहीही. खोटं बोलला म्हणून तिनं ह्याच पोराला चपलेनं मारलं होतं.

"होय," ती म्हणाली. "थांबले."

बाहेर नाल्याचं पाणी जोरात वाहत होतं, घरात त्याचा आवाज येत होता. तिनं माफी मागितली नाही आणि माफ केलं असं त्यानंही म्हटलं नाही.

"आत्याच्या खोलीत पानी गेला?" त्यानं विचारलं.

"नाय. उंबरापन भिजला नाय."

कृणालनं ताट जवळ ओढलं.

"भात वाढ," तो म्हणाला.